डोकं फिरलं, पण फिरवलं कुणी?

9 मार्च 1996. बंगळुरूचं चिन्नास्वामी मैदान, क्रिकेट विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध पाकिस्तान. पाकिस्तानच्या आमिर सोहेलने भारताच्या वेंकटेश प्रसादला ऑफला सणसणीत चौकार हाणला आणि बॅट सीमारेषेकडे रोखली: पुढचाही तिथेच धाडतो. पुढच्या चेंडूवर ऑफ स्टंप उखडला.

‘प्रसादने डिवचून त्याची विकेट काढली’ असं मी कट्ट्यावर कितीदा ऐकलंय. क्रम उलटा आहे. प्रसादने तंबूकडे दाखवलेलं बोट आणि त्याचे न छापण्याजोगे शब्द दांडी उडाल्यानंतरचे. आधी डिवचलं सोहेलनेच, आणि तोलही गेला त्याचाच.

माणूस कोंडीत सापडला की चिडतो, हेही अर्धंच खरं. सोहेल कुठे कोंडीत होता? स्वतःच्या 55 धावा झालेल्या, सलामीला 84 ची भागीदारी, 288 चं लक्ष्य आवाक्यात. पाकिस्तान शेवटी 39 धावांनी हरलं.

सगळ्यात चिवट समज मात्र वेगळाच: राग बाहेर काढला की डोकं थंड होतं. उशी बडव, दार आपट, मोकळा हो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली हे 600 विद्यार्थ्यांवर तपासलं. आधी त्यांच्या निबंधावर जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींनी शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवली, काहींनी व्यायाम म्हणून बडवली, उरलेले दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सर्वांत भडकलेले निघाले ते पहिले. नुसते बसलेले सर्वांत कमी चिडलेले! बुशमन यांनीच सहकाऱ्यासोबत 2024 मध्ये 154 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दीर्घ श्वसन, ध्यान असे शरीराची धग उतरवणारे उपाय लागू पडलेले दिसले. ‘एक चक्कर धावून ये’ हा आपला लाडका सल्ला तर उलटाच. धावण्याने राग वाढल्याचं दिसलं.

मग गिळून टाकावा? तेही नाही. मानसशास्त्रज्ञ ग्रॉस आणि लेव्हन्सन यांनी 1993 साली लोकांना किळसवाणी दृश्यं दाखवून चेहरा कोरा ठेवायला सांगितलं. चेहरा राहिला कोरा, पण त्वचेवरचा घाम आणि रक्तवाहिन्यांचं आकसणं वाढलं. राग नव्हता तो, किळस होती. तरी दाबून ठेवण्याची किंमत शरीर मोजतं ती अशी.

बाकी, चौकारानंतर प्रसाद रनअपच्या टोकापर्यंत चालत गेला, तेवढा वेळ दोघांनाही सारखाच मिळाला होता.