मूळ माप कुठं लपलेलं असतं

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा सगळा मुलूख परभणीत होता. म्हणून इथल्या गावात एखाद्या जुन्या मोटारसायकलच्या पाटीवर ‘एमएच २२’ दिसलं, तर ती गाडी बहुधा जिल्ह्याहून वयानं मोठी असते. एमएच ३८ च्या गर्दीत अशी एखादी राजदूत, येझदी किंवा आरएक्स हंड्रेड अजून कामाला जुंपलेली दिसते. मागं चाळीस-चाळीस लिटरचे दोन दुधाचे कॅन नाहीतर वैरणीचा भारा, आणि खाली सेनगाव, कळमनुरीकडची पाणंद. इंजिनाचं फारसं अडत नाही. रिंग, पिस्टन, क्लचप्लेटा शोधल्या की सापडतात. घोडं अडतं ते शॉकअपपाशी. पुढचा पाइप गंजलेला, बुश झिजलेले, मागची स्प्रिंग बसलेली, आणि दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: ‘कंपनीनं बंद केलं.’

हे उत्तर गाडीगणिक वेगळं तपासावं लागतं. बुलेटचं मद्रासमधलं उत्पादन १९५५ पासून आजतागायत चालू आहे, त्यामुळं जुन्या बुलेटचे पुष्कळसे भाग अजून नवे मिळतात. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतलं, पण ती गाडी मुळातून वेगळी. तिचा शॉकअप जुन्या येझदीला बसवायचा विचारही नको. आरएक्स हंड्रेड १९८५ ला आली आणि १९९६ ला थांबली. तिचे चाहते भरपूर, म्हणून नकली मालही भरपूर. राजदूतची तऱ्हा आणखी निराळी. एस्कॉर्ट्सनं ती पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतली, आणि जुन्या मॉडेलांना पुढं नळीत नळी सरकणारे शॉकअप नव्हतेच. चाक एका झुलत्या फाळक्यात बसवलेलं, फाळका पिनेवर झुलणार आणि दोन आखूड शॉकअप त्याला पेलणार. पिन आणि बुश झिजले की हँडल थरथरतं, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. पण याच रचनेमुळं राजदूतचं पुढचं बरंचसं काम साध्या लेथवर होऊ शकतं.

आपल्याकडं हे भाग लवकर का जातात, याचं उत्तर मातीत आहे. काळी माती ओली असताना शॉकअपच्या पाइपला चिकटते, वाळली की कडक होते, आणि पाइप वरखाली सरकताना ऑइल सीलच्या ओठाला खरडत राहते. सील फाटलं की तेल गळतं. तेल गेलं की स्प्रिंगची उसळी आवरायला कुणी उरत नाही. शॉकअपमध्ये भार पेलते ती स्प्रिंग आणि तिची उसळी जिरवतं ते बारीक भोकांतून ढकललं जाणारं तेल. तेलानं धक्के जिरवणारे असे पुढचे शॉकअप बीएमडब्ल्यूनं १९३५ मध्ये बाजारातल्या गाडीला बसवले. आजही तत्त्व तेच आहे.

आता भाग बनवून घेण्याकडं येऊ. हिंगोली, वसमत, औंढा, कुठल्याही तालुक्याच्या गावी लेथची दुकानं असतात. मोटारसायकलीसाठी ती निघालेली नाहीत. ट्रॉलीचे ॲक्सल, मळणी यंत्राचे शाफ्ट, हळद पॉलिश करायच्या ड्रमचे बेअरिंग-हाउसिंग, यांवर ती चालतात. तिथला टर्नर बहुतेक वेळा आयटीआय झालेला आणि हाताचा पक्का असतो. त्याच्या हाताबद्दल मला कधी शंका वाटली नाही. गडबड होते ती गिऱ्हाइकाकडून. गिऱ्हाईक झिजलेला भाग काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, ‘असाच करून द्या.’ टर्नर तसाच करून देतो, म्हणजे झिजलेला.

माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे. जुना भाग नमुना म्हणून द्यायचाच, पण त्याचं माप कुठं घ्यायचं हे ठरवून. प्रत्येक जुन्या भागात एखादी जागा अशी असते की जिथं घर्षण पोचलेलंच नसतं. पुढच्या शॉकअपचा पाइप घ्या. खालचा निम्मा भाग सीलमध्ये घासून, गंजून खराब झालेला असतो, पण वरचा जो तुकडा हँडलच्या टी-मध्ये आवळलेला असतो तो कारखान्यातून आला तसाच असतो. मायक्रोमीटर तिथं लावा. पिनेचंही तसंच: मधे ती झिजते, बोल्टखाली दाबलेल्या टोकाला नाही. बुशाचा बाहेरचा व्यास तो ज्या घरात ठोकून बसवलेला असतो त्या घरावरून काढावा. आतला व्यास झिजक्या बुशावरून काढू नये. नव्या पिनेच्या मापात किंचित मोकळीक मिळवून तो ठरवावा. वीस मिलिमीटरच्या पिनेला तीन ते पाच शतांश मिलिमीटर मोकळीक पुरते. सुताच्या हिशेबात काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रीला हे सांगताना थोडा संकोच होतो, पण कागदावर आकृती काढून मापं लिहून दिली की तोही खूश होतो. तोंडी मापावरून वाद होतात.

बुश तयार होताना एकदा उभं राहून बघावं. फॉस्फर ब्राँझचा गज चकमध्ये धरतात, आधी फेसिंग करून तोंड सपाट करतात, मग ड्रिल, मग बोअरिंग. शेवटचा कट अगदी हलका असतो. पिवळा बारीक कीस भुरुभुरु खाली पडतो आणि टर्नर दर कटानंतर पीन घालून बघतो. पीन जोर न लावता, पण न लटपटता आत गेली पाहिजे. गज चकमधून काढायच्या आधी बाहेरचा व्यासही त्याच पकडीत झाला तर आतलं आणि बाहेरचं वर्तुळ एका मध्यावर राहतं. दोन वेळा पकडून केलेला बुश दिसायला तसाच, पण तो एका बाजूला जाड निघतो आणि चाक तिरकं बसतं. बुश ठोकून बसवल्यावर आतून थोडा आवळतो, म्हणून शेवटी रीमर फिरवावाच लागतो. पिनेसाठी निदान ईएन ८ पोलाद मागावं. भंगारातला कुठलाही गज पिनेला चालत नाही.

पुढचा पाइप मात्र तालुक्याच्या लेथवर करायला सांगू नये. पाण्याचा किंवा साधा वेल्डिंगचा पाइप मापात उतरवून चकचकीत करता येतो, पण भरल्या गाडीनं खड्ड्यात ब्रेक दाबला की तो वाकतो किंवा तुटतो, आणि त्या वेळी चालवणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. मूळ पाइप सरळ असेल आणि फक्त गंजाचे खड्डे पडले असतील, तर त्यालाच जीवदान द्यावं: जुना क्रोम काढायचा, ग्राइंडिंग करायचं, वर जाड हार्ड क्रोम चढवायचा आणि पुन्हा मापात ग्राइंड करायचं. यासाठी वाहन उद्योगाच्या आसपास जावं लागतं. आपल्याला जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगर. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि शॉकअप व पुढचे फोर्क बनवणारी एन्ड्युरन्सही तिथलीच. मोठी कंपनी आपल्याला एक पाइप करून देणार नाही. पण अशा उद्योगाभोवती ग्राइंडिंग आणि प्लेटिंगची छोटी जॉबवर्कची दुकानं उभी राहतात, आणि आपलं काम तिथं होतं. सायलेन्सर, बंपर चमकवणाऱ्याकडं पाइप देऊ नका. शोभेच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. शॉकअपला काही दशक मायक्रॉन लागतात. पाइप वाकला असेल तर काचेवर लोळवून बघा, खालून उजेड दिसेल. थोडा बाक थंड प्रेसवर निघतो. चुणी पडलेला पाइप भंगारात टाकावा, आणि गॅसच्या ज्वाळेनं तापवून तर मुळीच सरळ करू नये.

स्प्रिंगकडं लोक सगळ्यात हलक्यानं बघतात, आणि तीच सगळ्यात फसवी. बसलेल्या स्प्रिंगची लांबी नमुना म्हणून उपयोगाची नाही. पण तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि वेटोळ्याचा व्यास वर्षानुवर्षांच्या भारानंही जवळपास बदलत नाहीत, आणि स्प्रिंगचा कडकपणा या तिघांवरच ठरतो. समजा, तार ४ मिलिमीटर, वेटोळ्याचा मध्य-व्यास २० मिलिमीटर आणि काम करणारी वेटोळी ४५. हिशेब केला तर ही स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला सुमारे ७०० ग्रॅम भार लागतो. आता कुणी ‘थोडी दणकट करू’ म्हणून साडेचार मिलिमीटरची तार वापरली, तर कडकपणा साठ टक्क्यांनी वाढतो, कारण तारेच्या जाडीचा चौथा घात धरावा लागतो. वेटोळी कापली तरी स्प्रिंग कडकच होते. मग जुनं तेल आणि जुनी भोकं तिला आवरू शकत नाहीत, आणि दुधाचे कॅन उतरवून रिकामी परतणारी गाडी प्रत्येक गचक्याला उडते.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा ड्रिल मशिनच्या टेबलावर ठेवा, त्यावर स्प्रिंग उभी करा, आणि चकमध्ये सपाट टोकाचा गज धरून मशीन बंद ठेवून हँडलनं वीस मिलिमीटर दाबा. काट्यावरचं वजन वीसनं भागलं की कडकपणा मिळाला. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग चौदा किलोच्या आसपास दाखवेल. डाव्या-उजव्या दोन्ही स्प्रिंगा मोजा. स्प्रिंग बनवणाऱ्याला आयएस ४४५४ च्या तारेतली मागा, टोकं सपाट घासलेली आहेत का ते बघा, आणि तिला चमकदार प्लेटिंग करू देऊ नका. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि नंतर भट्टीत नीट तापवून तो काढला नाही तर स्प्रिंग अचानक तुटते. काळा रंग पुरतो.

बऱ्याच गोष्टी तर बनवायच्याही नसतात. ऑइल सीलच्या तोंडावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची असे तीन आकडे छापलेले असतात. गाडीचं नाव न सांगता ते आकडे घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की हायड्रॉलिकचं सील त्याच मापात अनेकदा मिळून जातं. स्टीअरिंगचे छर्रे आणि चाकाची बेअरिंगही प्रमाण मापातच येतात. जे खरंच करून घ्यायचं आहे ते एकट्यानं करू नये. टर्नरला एका बुशाची जुळवाजुळव करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दहांसाठी लागतो. पंचक्रोशीतल्या चार राजदूतवाल्यांनी मिळून काम दिलं तर दर उतरतो आणि आकृती दुकानात पुढच्यासाठी राहते. रबरी बुशाला साचा लागतो, तिथं तर एकत्र येण्यावाचून गत्यंतरच नाही.

कायद्याची भीती काहीजणांना वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीची मूळ रचना बदलण्याला अटकाव करतं. झिजलेल्या भागाजागी त्याच मापाचा भाग घालणं त्यात येत नाही. मात्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. त्या वेळी लटपटतं हँडल किंवा तेल गळणारा शॉकअप लपत नाही.

जोडणी करताना मागचे शॉकअप डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मूळ लांबीचेच असावेत. मागची उंची बदलली की साखळीचा ताण आणि हँडलचा कल, दोन्ही बदलतात. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला रबर चिकटवलेले बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी डबल स्टँडवर असताना पूर्ण आवळू नका. गाडी खाली घ्या, कुणाला तरी सीटवर बसवा, आणि त्या भारात पाना शेवटचा फिरवा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश एका पावसाळ्यात फाटतात. थोडं चालवून झाल्यावर तेच बोल्ट पुन्हा एकदा तपासा.