भातखंड्यांची उलटतपासणी

दिवाळी अंकासाठी संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. चरित्र सगळ्यांना ठाऊक आहे: १८६० साली वाळकेश्वरला जन्म, वकिली, पत्नी आणि मुलीचा मृत्यू, १९१६ची बडोद्याची संगीत परिषद, १९२६ साली लखनौचं मॅरिस कॉलेज. मला ओढ होती ती त्यांच्या प्रवासाच्या रोजनिशांची. कॉलेजात संगीताचा इतिहास शिकवायचा तर तो आधी कुठूनतरी गोळा करायला हवा, आणि तो गोळा होत असताना या रोजनिशांत दिसतो.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. गवई भेटला की गाण्याआधी प्रश्न सुरू. श्रुती किती मानता? आधार कोणत्या ग्रंथाचा? तो स्वतः वाचलात का? कोर्टातली उलटतपासणीच ती. उत्तर डळमळलं की तशी नोंद होई, तीही सडेतोड. एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षित भेटले, तिथे मात्र या वकिलाला तोलामोलाचा जाणकार मिळाला. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या संस्कृत ग्रंथाची प्रत त्यांना दीक्षितांकडूनच मिळाली. त्यातल्या ७२ मेळांच्या मांडणीतून पुढे उत्तरेच्या रागांसाठी दहा थाटांची कल्पना आकाराला आली. आज पहिल्या परीक्षेला बसणारं पोरही हे थाट घडाघडा म्हणतं.

ही चिकाटी मला थक्क करते. तरी वाचताना मन खट्टू होतं, कारण गवयांची बाजू कागदावर कुठेच नाही. ते काय म्हणाले हे कळतं ते प्रश्न विचारणाऱ्याच्याच लेखणीतून. घराण्याची विद्या परक्याला का सांगावी, असं एखाद्याला वाटलं असेल, तर त्याची नोंद ‘अज्ञान’ म्हणून झाली असण्याचीही शक्यता आहे.

भातखंड्यांनी फोनोग्राफवरही बंदिशी भरून घेतल्या, पण त्या मेणाच्या नळ्या टिकल्या नाहीत. उरलं ते स्वरलेखन. दरबारीचा कोमल गंधार तिथे कसा दिसतो? ‘ग’, आणि खाली एक आडवी रेघ. सावकाश झुलणारं ते आंदोलन त्या रेघेत मावत नाही. ते गुरूसमोर बसूनच घ्यावं लागतं.

त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ या ग्रंथातल्या गुरुशिष्य संवादात गवयांची नावं बहुतेक ठिकाणी झाकलेली आहेत, रोजनिशीत ती उघडी आहेत. गवयांचा वाटा शोधायचा तर दोन्ही शेजारी ठेवून, कोणतं मत कुणाच्या ओसरीवरून आलं हे ओळीओळीने लावायला हवं. त्यासाठी संस्कृत ग्रंथ, शंभर वर्षांपूर्वीचं मराठी आणि घराण्यांच्या बंदिशी हे तिन्ही येणारी माणसं लागतील. अशी माणसं थोडी आहेत, आणि बहुतेक आता थकली आहेत.