क्यूआर कोड छापण्याआधी लिंक छोटी करा, पण आपल्या ताब्यात ठेवा

लग्नपत्रिकेवर सभागृहाचा नकाशा, दिवाळी अंकात लेखकाची मुलाखत, शाळेच्या भिंतीवर प्रवेशाचा अर्ज, पुस्तकाच्या मलपृष्ठावर ध्वनिफीत. आता जवळजवळ प्रत्येक छापील वस्तूवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन झाला नाही की लोक मोबाइलच्या कॅमेऱ्याला दोष देतात. खरा दोष बहुतेक वेळा आधीच घडलेला असतो, कोड बनवताना त्यात भरलेल्या लिंकमध्ये. छापून झाल्यावर तो दुरुस्त करता येत नाही. म्हणून प्रेसला फाइल देण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १ : लिंक कितीही लांब असली तरी कोड तेवढाच राहतो.

वस्तुस्थिती : क्यूआर कोड हे लिंकमधल्या अक्षरांचेच चित्र आहे. अक्षरे वाढली की चित्रातली घरे वाढतात. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड तयार केला. त्याचे ४० आकार ठरलेले आहेत. सर्वांत लहान २१ × २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ × १७७ घरांचा. पुढचा प्रत्येक आकार आडवा आणि उभा चार-चार घरांनी वाढतो.

कागदावरची जागा मात्र वाढत नाही. पत्रिकेच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर मिळाले असतील, तर २५ × २५ घरांच्या कोडमध्ये प्रत्येक घर ०.८ मिलिमीटरचे होते. ४५ × ४५ मध्ये ते अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होते. वर्तमानपत्री कागदावर शाई थोडी पसरतेच. इतक्या बारीक घरांमधली पांढरी जागा त्यात भरून जाते आणि कॅमेऱ्याला काळे-पांढरे वेगळे ओळखता येत नाही.

गैरसमज २ : मराठी लिंक दिसायला छोटी असते, म्हणजे ती छोटीच असते.

वस्तुस्थिती : मराठीत काम करणाऱ्यांना सर्वाधिक फसवणारी समजूत हीच. ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी नाव सुबक दिसते. तीच लिंक कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक माळ उमटते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलंत या माळेत नऊ-नऊ चिन्हे खातो.

मराठी विकिपीडियावरच्या ‘महाराष्ट्र’ या लेखाची लिंक घ्या. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलंत धरून दहा खुणा आहेत, म्हणजे ९० चिन्हे. आधीचा पत्ता ३० चिन्हांचा. एकूण १२०. नेहमीच्या, म्हणजे १५ टक्के दुरुस्तीक्षमतेच्या (कोडचा साधारण तेवढा भाग खराब झाला तरी तो वाचता येईल अशा) पातळीवर त्याचा कोड ४५ × ४५ घरांचा होतो. विकिमीडियाची स्वतःची ‘डब्ल्यू डॉट विकी’ ही लिंक छोटी करण्याची सोय आहे. तिथे हीच लिंक सुमारे १९ चिन्हांत मावते आणि कोड २५ × २५ घरांवर येतो. लेख तोच राहतो, पण घरांची संख्या २,०२५ वरून ६२५ वर उतरते.

गैरसमज ३ : लिंक छोटी करायला बाहेरची सेवा लागतेच.

वस्तुस्थिती : अनेकदा नुसती शेपटी कापली तरी पुरते. यूट्यूबच्या ‘शेअर’ बटणाने मिळणाऱ्या छोट्या लिंकमध्ये व्हिडिओची ओळख ११ चिन्हांची असते. त्यापुढे प्रश्नचिन्हानंतर ‘एसआय’ने सुरू होणारा भाग केवळ मागोवा घेण्यासाठी असतो. तो काढून टाकला तरी व्हिडिओ उघडतो आणि पूर्ण पत्ता २८ चिन्हांचा उरतो. फेसबुकवरून किंवा जाहिरातीतून आलेल्या लिंकच्या शेवटीही असेच भाग जोडलेले असतात.

नकाशाचेही तसेच. गूगल मॅप्सच्या पट्टीतली लिंक भलतीच लांब असते. पण तिथे साध्या पत्त्यापुढे अक्षांश-रेखांश दिले तरी जागा सापडते. दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले, तर अक्षांशातली अचूकता साधारण ११ मीटरपर्यंत जाते. मंगल कार्यालयाचे फाटक शोधायला एवढे पुष्कळ झाले. भारतातल्या ठिकाणासाठी अशी लिंक ४२ चिन्हांच्या आसपास बसते.

आणखी एक युक्ती आहे. सगळी अक्षरे मोठ्या रोमन लिपीतली, म्हणजे कॅपिटल असतील, तर कोड त्यांना कमी जागेत बसवतो. २५ × २५ च्या ज्या कोडमध्ये एरवी २६ चिन्हे मावतात, त्यात अशी ३८ मावतात. संकेतस्थळाच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. नावापुढच्या तिरप्या रेघेनंतर मात्र बऱ्याच ठिकाणी पडतो. म्हणून ही युक्ती स्वतःच्या संकेतस्थळावर आणि उघडून पाहिल्यावरच वापरावी.

गैरसमज ४ : एकदा छोटी केलेली लिंक कायमची टिकते.

वस्तुस्थिती : कोडला स्वतःची मुदत नसते. लिंक थेट भरली असेल, तर ते पान जिवंत असेपर्यंत तो चालतो. ‘कोडची मुदत संपली’ असा संदेश येतो, तेव्हा मधला मध्यस्थ बंद झालेला असतो. काही मोफत साधने आपली लिंक न भरता स्वतःची छोटी लिंक कोडमध्ये भरतात आणि चाचणीचा काळ संपला की पैसे मागतात. तोवर हजार पत्रिका वाटून झालेल्या असतात.

मोठ्या नावाची हमीही पुरेशी नाही. गूगलने २००९ मध्ये लिंक छोटी करण्याची सेवा सुरू केली आणि २०१९ मध्ये तिथे नव्या लिंक बनवणे बंद केले. २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या लिंकही थांबतील, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला ही भूमिका थोडी बदलली. वापरात असलेल्या लिंक ठेवायच्या आणि २०२४ च्या अखेरीस कोणी न उघडलेल्या बंद करायच्या, असे ठरले. छापील पुस्तकासाठी ही अट घातक आहे. कपाटातले पुस्तक वर्षभर कोणी उघडत नाही, दुसऱ्या वर्षी एखादा विद्यार्थी ते काढतो. त्याच्यासाठीच छापलेली लिंक तोवर गेलेली असू शकते.

धोका केवळ कंपनीचाच नसतो. काही लिंकसेवांच्या नावाच्या शेवटी येणारा ‘डॉट एलवाय’ हा लिबिया देशाचा आहे. २०१० मध्ये तिथल्या नोंदणी यंत्रणेने आपल्या नियमांवर बोट ठेवून अशा एका लिंकसेवेचे नाव काढून घेतले होते.

उपाय सोपा आहे. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर त्यावरच छोटा पत्ता करावा आणि तिथून हव्या त्या पानाकडे वळवावे. पुढे पान बदलले तरी वळण बदलता येते आणि छापलेला कोड तसाच चालतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक मंचाचा कोड हे याचे चांगले उदाहरण. त्यातला पत्ता शासनाच्या स्वतःच्या नावाचा असतो आणि शेवटी फक्त सहा चिन्हांचा संकेत असतो. हा संकेत कोडखाली छापण्याचीही पद्धत आहे, म्हणजे कोड खराब झाला तरी तो हाताने टाकता येतो. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी धडपडलेले सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. मुलाच्या हातातले पुस्तक वर्षभर वापरले जाते, मळते, दुमडते. तिथे टिकेल अशी लिंक कुठल्याही कागदावर टिकेल.

गैरसमज ५ : कोड ३० टक्के झाकला तरी चालतो, म्हणून मधोमध लोगो बसवा.

वस्तुस्थिती : दुरुस्तीक्षमतेच्या चार पातळ्या आहेत: अंदाजे ७, १५, २५ आणि ३० टक्के. ३० टक्के ही सर्वांत वरची पातळी असून ती निवडावी लागते आणि निवडली की घरे वाढतात. शिवाय ही राखीव ताकद डाग, चुरगळ आणि फिकट शाई यांसाठी आहे. लोगोने ती आधीच खर्च केली, तर घडी पडलेल्या पत्रिकेसाठी काही उरत नाही. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन झाकले गेले, तर दुरुस्तीही उपयोगी पडत नाही. कोड कुठे आहे हे कॅमेरा त्यांच्यावरूनच ओळखतो.

लिंक छोटी करण्याचा सर्वांत मोठा फायदा इथे दिसतो. वरची १२० चिन्हांची लिंक सर्वांत कमी पातळीवरही ४१ × ४१ घरे मागते. १९ चिन्हांची लिंक सर्वांत वरच्या पातळीवर २९ × २९ मध्ये बसते. म्हणजे कोड अधिक मोकळाही होतो आणि अधिक चिवटही.

गैरसमज ६ : संगणकाच्या पडद्यावर स्कॅन झाला, म्हणजे छापल्यावरही होईल.

वस्तुस्थिती : पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. कोडभोवती चारही बाजूंना चार-चार घरांएवढी कोरी जागा सोडावी. डिझाइनमध्ये चौकट किंवा वेलबुट्टी तिथे घुसली की वाचन अडते. गडद कोड फिकट पार्श्वभूमीवरच ठेवावा. ऑफसेटवर छापताना तो फक्त काळ्या शाईत असावा. चार शाईंचे मिश्रण केले आणि एखादा रंग किंचित सरकला, तर कडा धूसर होतात. व्हॉट्सअॅपवरून आलेले चित्र ताणून मोठे करू नये, एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल द्यावी. अंतराचा ढोबळ हिशेब असा: जितक्या लांबून स्कॅन करायचे, त्याच्या दहाव्या भागाएवढी कोडची बाजू हवी. तीन मीटरवरून पाहायच्या फ्लेक्ससाठी ३० सेंटिमीटर.

गैरसमज ७ : लिंक छोटी आहे, बाकी वाचकाने बघून घ्यावे.

वस्तुस्थिती : छोटी लिंक कुठे नेणार, हे वाचकाला आधी दिसत नाही. फसवणुकीच्या बातम्या ऐकलेला सावध माणूस अनोळखी पत्ता पाहून थांबतो, आणि त्याचे बरोबरच आहे. कोडखाली तोच पत्ता वाचता येईल असा छापावा आणि कशासाठी स्कॅन करायचे हे एका ओळीत सांगावे. पत्त्यात संस्थेचे नाव दिसले की विश्वास वाटतो, आणि ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांना तो टाइपही करता येतो.

शेवटी क्रम लक्षात ठेवावा. आधी लिंक साफ करा, मग स्वतःच्या नावाखाली छोटी करा, त्यानंतर कोड बनवा. प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष मापात एक प्रूफ काढा आणि घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर, संध्याकाळच्या उजेडात तपासा. तिथे उघडला, तरच पूर्ण छपाईला होकार द्या.