अंतर किती, यापेक्षा अंतर कुठे
(लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण संकर ओज पाहिले. दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी अनेकदा दोन्ही आईबापांपेक्षा सरस निघते. त्यावरून असा समज रुजतो की आईबाप जितके दूरचे, तितकी संतती जोमदार. भाताच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. अंतर हवेच, पण एकाची उणीव दुसऱ्याने नेमकी भरून काढावी अशा जागी ते हवे.

उत्पन्न हा मुळात एक गुण नाही. रोपाला लोंब्या किती, लोंबीत भरलेले दाणे किती आणि हजार दाण्यांचे वजन किती, यांचा तो गुणाकार. समजा, मादी वाणाच्या रोपाला १२ लोंब्या आणि लोंबीला १०० दाणे आहेत. नर वाणाला ८ लोंब्या आणि १५० दाणे. दोघांचेही रोपामागे दाणे १,२००. संकर दोन्ही गुणांत बरोबर मधोमध राहिला, तरी १० गुणिले १२५ म्हणजे १,२५० दाणे होतात. कुठल्याही एका गुणात तो अव्वल नाही, तरी हिशेबात दोघांच्या पुढे गेला. दोन्ही गुणांत तो चांगल्या बाजूकडे झुकला, म्हणजे ११ लोंब्या आणि १४० दाणे धरले, तर आकडा १,५४० होतो.

हा केवळ कागदी हिशेब नाही. चिनी शास्त्रज्ञांनी १७ प्रातिनिधिक संकरांपासून दुसऱ्या पिढीची १०,०७४ रोपे घेऊन त्यांचे जनुकीय आराखडे तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. सगळ्या संकरांना लागू पडेल अशी ओजाची एकही सामाईक जागा जनुकसंचात त्यांना सापडली नाही. मात्र संकरांचे तीन गट पाडल्यावर प्रत्येक गटात मादीकडून आलेल्या मोजक्या जागांनी नर वाणावरच्या आघाडीचा मोठा भाग उलगडला. यांतल्या काही जागांचा परिणाम एकेका गुणावर अर्धवट प्रभावी, म्हणजे आईबापांच्या दरम्यानच राहणारा होता. सगळे गुण एकत्र धरले की मात्र संकर आईबापांपैकी जो सरस त्यालाही मागे टाकत होता.

इथे एक रास्त शंका येते. चांगली जनुके ओळखता येत असतील, तर ती एकाच सरळ वाणात का भरू नयेत? मग दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागणार नाही. काही प्रमाणात हे होतेही. पण फुटवे वाढले की लोंबी लहान होते, अशी ओढाताण गुणांमध्ये असते. शिवाय काही जनुकांची मात्रा महत्त्वाची असते. २००८ साली ओळखले गेलेले जीएचडी७ हे जनुक लोंबीतले दाणे वाढवते, पण फुलोरा लांबवते. चीनमध्ये प्रचंड क्षेत्रावर पेरल्या गेलेल्या शानयू ६३ या संकराच्या बापात, मिंगहुई ६३ मध्ये, ते काम करते. आईत, झेनशान ९७ मध्ये, ते गळालेलेच आहे. संकराला त्याची एकच मात्रा मिळते. सरळ वाणात मात्र दोन मात्रा असतात, नाहीतर एकही नसते. मधली पायरी तिथे टिकवता येत नाही.

दुसरी शंका उलट दिशेची. अंतर उपयोगी असेल, तर इंडिका आणि जपोनिका या भाताच्या दूरच्या गटांचाच संकर का करू नये? त्या संकराची रोपे जोमाने वाढतात, पण लोंब्यांतले बरेच दाणे पोचट राहतात, कारण एस५ सारख्या जागी दोन्ही गटांची जनुके एकमेकांशी जुळत नाहीत. त्या जागी दोघांशी जमवून घेणारे जनुक असलेला वाण वापरला, की दाणे बरेच भरतात. म्हणजे अंतर काही जागी हवे, तर काही जागी नकोच.

अंतर नेमके कुठे आहे, ही कसोटी लावली की संकरित भाताची दुखरी बाजू दिसते. चीनमध्ये १९७० साली हैनान बेटावर सापडलेल्या एका नरवंध्य (पराग निकामी असलेल्या) रानटी रोपाचे पेशीद्रव्य त्रिवंशीय (तीन वंश वापरून बनवलेल्या) संकरांच्या बहुसंख्य माद्यांत आजही आहे. भारतातही आयआर ५८०२५ ए या एकाच मादीवर बरेच संकर उभे राहिले. कर्जतच्या संशोधन केंद्रातून १९९८ साली आलेल्या ‘सह्याद्री’ची आईही तीच. या पेशीद्रव्याने भातात अनर्थ घडवलेला नाही, हे खरे. पण १९७० साली अमेरिकेत एकाच नरवंध्य पेशीद्रव्यावर विसंबलेला मका करप्याला बळी पडला आणि सुमारे १५ टक्के पीक गेले, हे विसरून चालणार नाही. शिवाय जवळपास त्याच माद्या घेऊन नवे नर शोधत राहिले, तर पूरक जोड्यांची निम्मी बाजू कोरीच राहते.

ती भरायला उपयोगी वाण कुठे असतील, हे रूपावरून ओळखता येत नाही. मलेशियातल्या, दिसायला कमी उत्पन्नाच्या, एका रानभातात उत्पन्न साधारण १७-१८ टक्क्यांनी वाढवणारे दोन जनुकखंड सापडल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले; चाचणी एका चिनी संकराच्याच आईबापांशी केली होती. म्हणून जनुकपेढीतले वाण नुसते जपून भागणार नाही. ते मादी म्हणून, वेगवेगळ्या नरांशी जोडून पारखायला हवेत. त्यासाठी मादी घडवायची कशी, ते पुढच्या लेखांकात पाहू.