मॉरिशसचे पूर्वज आणि आपली दप्तरे

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत मॉरिशसमधील एक निवृत्त शिक्षक प्रस्तुत लेखकाच्या घरी आले होते. कोकणातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाकडे त्यांना एका परिचिताने धाडले, ते एवढ्याचसाठी की, रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीच्या पद्धतीवर मी कधीकाळी चार लेख लिहिले होते. गृहस्थांचे मराठी शाळेत शिकलेले, जपून उच्चारलेले होते. शब्द अडला की ते आधी स्वतःशी क्रिओलमध्ये पुटपुटत आणि मग इंग्रजीचा आधार घेत. चहा होताच त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ‘‘सर, हे आमचे मूळपुरुष. ह्यांचे घर कुठले, तेवढे सांगा.’’

तो कागद म्हणजे मॉरिशसमध्ये मोका येथे असलेल्या महात्मा गांधी संस्थेने दिलेला उतारा होता. करारबद्ध मजुरांच्या मूळ नोंदवह्या या संस्थेत जपलेल्या आहेत आणि वंशजांना त्यांतून माहिती मिळते. उताऱ्यात मजुराचा क्रमांक होता, त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जहाज, बंदरात उतरल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर त्याची रवानगी झाली त्या मळ्याचे नाव होते. उंची पाच फूट दोन इंच. डाव्या गुडघ्याखाली व्रण. सोबत पुढील काळातील एका छायाचित्राची प्रत होती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांवर छायाचित्र चिकटविलेले तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती झाली, त्या तिकिटावरचे ते छायाचित्र. गालफडे बसलेला, कॅमेऱ्याकडे काहीसा रोखून पाहणारा माणूस. ‘जिल्हा’ या रकान्यात रत्नागिरी हे नाव कसेबसे ओळखू येत होते. ‘गाव’ या रकान्यात मात्र सहा रोमन अक्षरे अशी काही मांडलेली होती की, त्यांतून कोकणातले कोणतेही गाव निघावे किंवा एकही निघू नये.

या कागदामागचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मॉरिशस बेट इंग्रजांनी १८१० साली फ्रेंचांकडून घेतले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले होते. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये मजुरी, अशी त्यांची बोली होती. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांवर माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरली. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्यांच्या खालोखाल मद्रासहून गेली. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांत मराठी बोलणारे होते आणि रत्नागिरीकडचे बरेच होते. कारण उघड आहे. जमीन खोताच्या ताब्यात, अर्धेल-तिर्धेलीने पीक मोजून द्यावयाचे, आणि उरलेल्या भातात पावसाळा काढावयाचा. मुंबईतील पहिली कापडगिरणी सुरू झाली ती १८५० चे दशक निम्मे सरल्यावर. तोपर्यंत मुंबई ही कोकणी माणसाला पोटाची हमी देणारी नगरी नव्हती. ती होती जहाजावर चढण्याची जागा. गिरण्या वाढल्या तसा हा ओघ मुंबईतच मुरला. माझे स्वतःचे पणजोबा परळच्या चाळीत राहिले. तीसेक वर्षे आधी जन्मते तर कदाचित पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले असते.

त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नोंदवह्यांचा समावेशही २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत झाला. हा गौरव योग्यच आहे. तथापि या वह्या कोणाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या नव्हत्या, हे विसरता कामा नये. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ‘डबल कट’ असे त्या पद्धतीचे नावच पडले होते. अशी कपात करावयाची, पळून गेलेला मजूर शोधावयाचा, करार संपल्यावर नव्याने बांधून घ्यावयाचा, तर मजुराची ओळख पक्की हवी. उंची आणि व्रण यांची नोंद त्यासाठीच. हिशेबनीसाने माणसाचे जे वर्णन मालकाच्या सोयीसाठी लिहून ठेवले, तेच आज पणतूच्या पणतूला आपल्या पूर्वजाचे एकमेव चित्र म्हणून हाती येते. अर्थशास्त्राच्या वर्गात मी मुलांना सांगत असतो की, नोंद ही नेहमी देण्याघेण्यातून जन्मते. ज्याच्याकडून काही वसूल करावयाचे असते किंवा ज्याला काही द्यावे लागणार असते, त्याचेच नाव कागदावर चढते.

हाच नियम अलीकडच्या किनाऱ्यावर लावून पाहिला की अडचण ध्यानी येते. त्या मजुराचे गाव सोडणे १८५० च्या दशकातले. रत्नागिरीत सरकारी मोजणी स्थिरावली ती १८६० नंतर, आणि खोती गावांतील हक्कांचा निवाडा करणारा कायदा झाला १८८० साली. म्हणजे आज ज्या सात-बाराच्या आणि फेरफाराच्या जोरावर आपण चार पिढ्यांची नावे घडाघडा सांगतो, त्या कागदांची परंपरा सुरू होण्यापूर्वीच हा माणूस बेटावर ऊस तोडू लागला होता. तो राहता तरीही त्याचे नाव लागले असतेच असे नाही; सारा खोत भरीत असे, कूळ नव्हे. देशातील पहिली जनगणना १८७२ ची, आणि तिचेही घरोघरचे तक्ते आपण जपलेले नाहीत. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे लोटली की असे तक्ते लोकांना खुले होतात. तेथील सामान्य कारकुनालाही आपला खापरपणजोबा कोणत्या गल्लीत राहत होता, हे पाहता येते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, आणि ज्यांच्या घरचे कोणी यात्रेस गेले त्यांना त्या फार उपयोगी पडतात. परंतु यात्रेला जावयासही पदरी काही असावे लागते. समुद्रापलीकडच्या परक्या कारकुनाने त्या माणसाचा गुडघा न्याहाळला, आणि ज्या गावात तो रांगला तेथे त्याच्या नावाचा चिटोराही नाही, हा विरोधाभास मला त्या दिवसापासून छळीत आहे.

आडनावाचा धागाही तुटलेला. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लावले की निम्मा शोध संपतो. मॉरिशसच्या वहीत मजुराचे पाळण्यातले नाव आणि बापाचे नाव एवढेच चढले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पाळण्यातल्या नावालाच आडनाव केले. त्यामुळे तेथे रामजी, सखाराम हेही आडनाव असू शकते, तेही फ्रेंच कानांनी ऐकून इंग्रजी लिपीत बसविलेले. गावाच्या नावाचे तर विचारावयास नको. मुंबईत राहणाऱ्या कोकण्याला गाव विचारले, तर तो आजही वाडीचे नाव न सांगता तालुक्याचे सांगतो. परक्या बंदरात, परक्या साहेबासमोर उभा असलेला माणूस काय पुटपुटला असेल, आणि लिहिणाऱ्याने काय ऐकले असेल? शिवाय पाली, नांदगाव अशी नावे कोकणात एकाहून अधिक ठिकाणी सापडतात. जिल्ह्यांच्या हद्दीही बदलत गेल्या, १८५० च्या आणि आजच्या रत्नागिरीत सिंधुदुर्ग वेगळा झाल्याचा १९८१ साल आडवा येतो.

आम्ही त्या सहा अक्षरांवरून तीन गावे निवडली आणि सुट्टीच्या दिवसांत तिन्ही पालथी घातली. दुसऱ्या गावी रात्री एका अंगणात जाखडी चालली होती. घुंगरू बांधलेल्या मुलांनी फेर धरला आणि माझे पाहुणे उभेच राहिले. त्यांच्याकडे तिला झाकरी म्हणतात. गणपतीत, जो तेथे सरकारी सुट्टीचा दिवस आहे, ती नाचतात. पाय कुठे वळणार, हे त्यांना आधीच कळत होते. दीडशेहून अधिक वर्षे ज्या भाषेचा घरातला वापर जवळजवळ आटला, तिच्यातला नाच पायांनी टिकवून धरला, याला पुरावा म्हणावे काय? न्यायालयात म्हणता येणार नाही. परंतु जिल्हा चुकलेला नाही, एवढे मला त्या रात्री पटले.

तिसऱ्या गावी वेगळाच अनुभव आला. वाडीतले चार जण जमले, पाणी-गूळ झाला, छायाचित्र हातोहात फिरले. एका म्हाताऱ्याने ते बराच वेळ डोळ्यांजवळ धरले आणि कान आपल्या भावकीतल्यासारखे असल्याचा निर्वाळा दिला. तेवढ्यात मागून एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘मास्तर, जमिनीचा हिस्सा मागायला तर नाय ना आले हे?’’ त्यांना हसणे सोपे आहे. मी हसलो नाही. ज्या घरात सात-बारावर तेवीस नावे आणि वाट्याला दीड गुंठा, तेथे भावकीत आणखी एक माणूस निघणे ही आनंदाची वार्ता असेलच असे नाही. त्या क्षणापासून बोलणे आखडले. आदल्या घटकेला जे आजोबांचे चुलते म्हणून आठवत होते, ते कोणालाच नीट आठवेनासे झाले. पाहुण्यांना मी खरे कारण सांगितले, तेव्हा त्यांनी आपण होऊन पुन्हा त्या घरी जाऊन, काही मागावयाचे नाही असे कागदावर लिहून देण्याची तयारी दाखविली. बाईंनी तो कागद घेतला नाही, पण रात्री जेवावयास ठेवून घेतले.

राहता राहिला जातीचा रकाना. पाहुण्यांच्या घरी परंपरेने जे सांगितले जाई आणि उताऱ्यात जे लिहिले होते, त्यांत मेळ नव्हता. ते स्वतः त्याविषयी शांत होते. त्यांच्या पुतण्याने मात्र तो उतारा घरात दाखवू नये असे त्यांना बजावले होते. मला विचाराल तर हा रकाना सर्वांत कमी भरवशाचा. भरती करणारा मुकादम मळ्याला चालेल ती जात सांगावयास शिकवी, मजूर स्वतःही बोटीवर चढताना नवे काही सांगून मोकळा होई, आणि लिहिणाऱ्याला भेद कळत नसे. असे असूनही तो रकाना झाकून उतारा देणे मला मान्य नाही. पूर्वज हवा, पण सोयीपुरता हवा, असे म्हणणाऱ्याने शोधाच्या वाटेला जाऊ नये.

सुट्टी संपली, पाहुणे परतले. काम माझ्याकडे राहिले. जुनी गावदप्तरे ज्या कार्यालयात असावयाची, तेथे मी तीनदा जाऊन आलो. कपाटे आहेत, लाल रुमालांत बांधलेली बाडे आहेत, परंतु कोणत्या रुमालात काय आहे याची यादी नाही. बहुतेक कागद मोडीत, आणि कार्यालयात मोडी वाचणारा माणूस एकही नाही. हे अशक्यप्राय काम आहे असे मला सांगण्यात आले. वस्तुतः ते तसे नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा प्रश्न ऐरणीवर आला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि त्याच कपाटांतील लक्षावधी कागद राज्यभर काही महिन्यांत तपासले गेले, मोडी जाणणारेही शोधून काढले गेले. त्या नोंदींच्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. एवढेच दिसले की, कागदाला हक्काची किंमत आली म्हणजे धूळ झटकली जाते. मग तपासणीसाठी सोडलेला रुमाल पुन्हा बांधताना आत काय आहे, याच्या चार ओळी वर लिहून ठेवावयास काय हरकत होती?

मॉरिशसच्या कागदालाही आता किंमत आलेली आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेथील राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डाचा मार्ग खुला होत असल्याचे जाहीर केले. त्यासाठी वंशाचा दाखला लागणार, आणि तो द्यावयास मोकाच्या वह्या समर्थ आहेत. माझ्या पाहुण्यांना कार्डात रस नव्हता. त्यांना गाव हवे होते. गाव सांगणे हे मोकाच्या नव्हे, आपल्या दप्तरांचे काम आहे.

गेल्या महिन्यात तिसऱ्या गावच्या जुन्या खोतांच्या नातवाचे पत्र आले. माळ्यावर पणजोबांच्या वेळची एक पेटी आहे, कुळांच्या भाताच्या मापाचे हिशेब त्यांत असावेत, पण मोडी असल्याने घरात कोणालाच वाचता येत नाहीत, असे त्यांनी कळविले आहे. खोतांचा हिशेब म्हणजे पुन्हा देण्याघेण्याचीच वही. कूळ म्हणून का होईना, त्या माणसाच्या बापाचे नाव तीत असण्याचा संभव आहे. आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनी गेले वर्षभर मोडी शिकत आहेत. परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात, पाऊस लागण्याच्या आत, आम्ही तिघे ती पेटी उघडावयास जाणार आहोत.