मण्डली विषाचा रक्त व मांस धातूंवरील परिणाम

एकोडी परिसरात धानाच्या रोवणी-कापणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण पुष्कळदा प्रथम गावातील वैद्याकडेच आणला जातो. आपल्या शेतांतील मण्डली सर्प म्हणजे मुख्यतः घोणस. चापडा हा प्रामुख्याने सह्याद्रीतील, झाडीवेलींत राहणारा. नेत्र व नासापुट यांमधील उष्णतासंवेदी खाच ही त्याची खूण होय. घोणशीस ती नसते. मात्र दोहोंच्या विषाचा रोख रक्त व मांस या धातूंवरच असतो.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वर्णिलेली मण्डली विषाची लक्षणे पाहावीत : दाह, शोथ, दंशस्थानी कोथ, मांसाचे गळून पडणे, ऊर्ध्व व अधोमार्गाने रक्तप्रवृत्ती. यामागील क्रिया आता ज्ञात आहे. विषातील जस्तावलंबी प्रथिनभेदक एन्झाइम्स केशवाहिन्यांचे आधारपटल तोडतात, त्यामुळे रक्त ऊतींत झिरपते. फॉस्फोलायपेज ए-2 स्नायुपेशींचे आवरण भेदते. हायल्युरोनिडेज ऊतींचे बंध सैल करून विषास वाट देते. अन्य काही घटक फायब्रिनोजेन खर्ची घालतात व रक्त गोठेनासे होते.

मण्डली दंशात अग्निकर्म करू नये, असा सुश्रुतांचा स्पष्ट निषेध आहे. कारण हे विष पित्तबहुल. अरिष्टाबंधन त्यांनी सांगितले आहे हे खरे. परंतु मांसभक्षक विष घट्ट बांधून एका जागी कोंडल्यास कोथ वाढतो, म्हणून आज ते, तसेच छेदन व आचूषणही, वर्ज्यच मानावे असे माझे स्पष्ट मत आहे. अवयव फळीने स्थिर करावा. स्नायूत सूचिकाभरण करू नये, ॲस्पिरिन वा डायक्लोफेनॅक देऊ नये, रक्तस्राव बळावतो.

नव्या, स्वच्छ, कोरड्या काचनलिकेत थोडे शिरारक्त 20 मिनिटे न हलवता ठेवावे. नलिका कलती केल्यावर रक्त वाहिले तर निदान झालेच. मात्र या परीक्षेसाठी रुग्णास खोळंबून ठेवू नये. वाहन येईपर्यंतच ती करावी.

भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्याच विषापासून बनते. घोणशीच्या दंशात तेच जीवदायी, म्हणून साकोली वा भंडाऱ्याच्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. चापड्याचा त्यात समावेश नाही. नाकाचे टोक वर वळलेल्या लहान चापड्याच्या दंशाने वृक्क निकामी झाल्याची उदाहरणे केरळ व श्रीलंकेत नोंदली गेली आहेत. त्यामुळे सूज किरकोळ दिसली तरी मूत्राचे प्रमाण व वर्ण यांची नोंद पहिल्या तासापासूनच ठेवून ती रुग्णासोबत पाठवावी.