फटफटीचा आवाज आणि गाडीची तपासणी

मोटारसायकलला आपल्याकडे नाव पडले ते तिच्या आवाजावरून. कोणी तरी ‘फटफटी’ म्हणाले आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसले. गावात एखाददुसरीच गाडी होती तेव्हा तो आवाज कौतुकाचा होता. आता घरटी एक गाडी झाली. डेअरीला दूध घालायचे, तालुक्याहून खताची गोणी आणायची, पोरांना शाळेत सोडायचे, रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला मळ्यात जायचे, सारे तिच्यावरच. अशा वेळी एखादा तरुण सायलेन्सर बदलून किंवा आतली जाळी काढून गल्लीतून गाडी नेतो, तेव्हा पाळण्यातले मूल दचकून उठते आणि दारातली म्हातारी माणसे कानांवर हात ठेवतात. कौतुकाचे दिवस गेले, आता तक्रारीचे आले.

वाचकहो, हा केवळ शेजाऱ्यांच्या नाराजीचा प्रश्न नाही. गाडीच्या आवाजाला कायद्याने मर्यादा घातलेली आहे, ती मोडली तर दंड आहे, आणि पंधरा वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते तेव्हा हाच सायलेन्सर आडवा येतो. म्हणून घरातल्या थोरांनी आणि गाडी चालवणाऱ्या मुलांनी, दोघांनीही ही माहिती वाचावी.

सायलेन्सर काय करतो?

इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते. जळालेला वायू जोराने बाहेर पडतो. शंभर सीसीची चार स्ट्रोकची गाडी मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला दोन हजार, म्हणजे सेकंदाला तेहतीस वेळा असा दणका बाहेर येतो. तो थेट हवेत सोडला तर कान किटतील. सायलेन्सरच्या पोटात कप्पे, नळ्या आणि भोके पाडलेला पत्रा असतो. दणका एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरतो, भिंतींवर आपटून परततो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींना मारून टाकतात. धबधब्याचे पाणी दगडधोंड्यांतून वाहत आले की संथ होते, तसेच हे.

मर्यादा किती?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप वजनाकाट्यासारखे सरळ नाही. आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ‘पाचदहा डेसिबलने काय बिघडते’ असे म्हणून चालत नाही.

कारखान्यातून गाडी बाहेर पडताना तिचा आवाज किती असावा, हे पर्यावरण संरक्षण नियमांत ठरवून दिले आहे. २००३ सालापासून दुचाकींसाठी ही मर्यादा अशी आहे: ८० सीसीपर्यंतच्या गाडीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल. मोजणी करताना गाडी वेग वाढवत नेतात आणि तिच्या वाटेपासून साडेसात मीटरवर, म्हणजे सुमारे पंचवीस फुटांवर, यंत्र ठेवतात. आपल्या पुण्यातील एआरएआय या संस्थेत नव्या गाड्यांच्या अशा चाचण्या होतात. म्हणजे कंपनीने बसवलेला सायलेन्सर हा परीक्षा पास झालेला सायलेन्सर असतो. बाजारातून आणलेला ‘आवाजाचा’ सायलेन्सर बसवला की ती परीक्षा रद्द झाली असे समजावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. त्यात शेतीच्या ट्रॅक्टरचे नाव स्पष्ट घेतलेले आहे, हेही शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. नियम ११९ हॉर्नसंबंधी आहे. वेगवेगळ्या सुरांत वाजणारे, कर्कश किंवा घाबरवून टाकणारे हॉर्न त्याने मना केले आहेत.

दंड कोणाला?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९० आवाज आणि धुराच्या मर्यादेविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्सला अपात्र, अशी तरतूद आहे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की गाडी चालवणाराच नव्हे, तर तशी गाडी चालवू देणाराही या कलमात येतो. त्याच दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे, गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्याकडे पुष्कळ घरांत आरसी बुक वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलाच्या हातात असते. मुलाने हौस केली तरी मालक म्हणून नाव वडिलांचे पुढे येते. बऱ्याच शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली चिरडले आहेत. म्हणजे दंडही भरायचा आणि सायलेन्सरही गमवायचा.

‘जाळी काढली की गाडी पळते’

हा समज आला कुठून, ते पाहण्यासारखे आहे. राजदूत, येझदी या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळे. त्याची काजळी जाळीवर साचून भोके बुजत आणि गाडी ओढत नसे. जाळी काढून साफ केली की गाडी पुन्हा पळू लागे. गाडी पळे ती साफसफाईमुळे, पण लोकांनी धडा घेतला तो जाळी काढून टाकण्याचा.

आजच्या चार स्ट्रोकच्या गाडीत तशी काजळी साचत नाही. जाळी काढल्याने फायदा तर होत नाहीच, उलट कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते, इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळण्याचा संभव असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या वाटेतच बसवलेला असतो. त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात. सायलेन्सर फोडून तो फेकून दिला, तर गाडी पीयूसीत नापास होते आणि नवा घ्यायला मोठी रक्कम मोजावी लागते. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून ‘फटाके’ वाजवणारी मुले न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठवून पेटवत असतात. त्याने सायलेन्सरचे जोड उसवतात आणि कन्व्हर्टर खराब होतो.

गोठ्यातला तोटा

आवाजाचा तोटा गोठ्यापर्यंत पोहोचतो. धार काढताना अचानक मोठा आवाज झाला की गाय-म्हैस बिथरते. भीतीने तिच्या रक्तात जो द्रव उतरतो तो पान्हा अडवतो. जनावर पान्हा चोरते असे आपण म्हणतो ते हेच. आणि गाडीला जुंपलेल्या बैलांच्या मागून अशी फटफटी आली, तर बैल उधळून गाडी चारीत जाण्यास क्षणही पुरत नाही. मळ्याच्या अरुंद वाटेवर हा धोका फार मोठा. रोज त्या आवाजावर बसणाऱ्याचे कान तर हळूहळू जातातच, आणि गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही.

पंधरा वर्षांनी

घरगुती दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०११ साली घेतलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना क्रमांक २५ मध्ये अर्ज करावा, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा, आणि मिळालेल्या तारखेला गाडी आरटीओत दाखवावी. गाडी पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणे होय. त्याला पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे.

मोटार वाहन निरीक्षक प्रथम चासी आणि इंजिनचा नंबर आरसीशी ताडून पाहतात. मग ब्रेक, टायर, पुढचा-मागचा दिवा, साइड इंडिकेटर, हॉर्न, आरसे, नंबरप्लेट आणि सायलेन्सर. चिखलाने गंजलेला चासी नंबर वाचता येत नसेल तर काम तिथेच अडते, म्हणून तो आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्यावा. मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी साडीची जाळी नियम १२३ प्रमाणे सक्तीची आहे. दुधाच्या कॅनची चौकट बसवताना पुष्कळ जण ही जाळी काढून ठेवतात. मागे बसलेल्या माउलीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती आहे. ती परत लावा, तपासणीसाठीच नव्हे, कायमची.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. पीयूसीच्या दाखल्यात धूर तपासलेला असतो, आवाज नव्हे. पीयूसी आहे म्हणून आवाजही पास, असे होत नाही. उलट सायलेन्सरला भोक असले तर बाहेरची हवा आत शिरते आणि पीयूसीच्या यंत्रावर खरा आकडाच येत नाही.

घरच्या घरी पाहणी

सायलेन्सर बहुधा आतून गंजतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. घर ते डेअरी अशी जवळची फेरी असली की सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते पाणी पोटातच राहते. त्यात ओढ्यातून गाडी घालणे आणि खताची गोणी वाहताना सांडलेले दाणे, यांनी गंज वाढतो. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. गाडी थंड असताना सायलेन्सरच्या खालच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलके ठोकावे. खणखणीत वाजला तर पत्रा शाबूत. आवाज बद्द आला तर पत्रा खालावला. आत काही खुळखुळले तर जाळी सुटली.

२. इंजिनाला जिथे बेंड पाइप जोडलेला असतो तिथे काळा डाग दिसतो का, गाडी चालू करताच ‘फस्-फस्’ ऐकू येते का, हे पाहावे. तसे असेल तर नट आवळावे किंवा पॅकिंग बदलावे. काम थोडक्यात भागते.

३. बारीक भोक असेल तर वेल्डिंगने बुजवता येते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडायला सांगावी, नाही तर गाडीची वायरिंग व इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

४. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा जागेवर असावा. तो नसला की मुलांच्या पोटरीला चटका ठरलेला.

५. गाडी बंद खोलीत किंवा गोठ्यात चालू ठेवून पाहणी करू नये. तिच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही की वासाने कळत नाही, पण माणसाचा आणि जनावराचा जीव घेतो.

६. पीयूसी, विमा आणि नोंदणीची मुदत संपण्याच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

जुनी गाडी विकत घेणार असाल, तर हीच पाहणी सौदा ठरण्यापूर्वी करा आणि मूळ सायलेन्सर मागून घ्या. तो नसेल तर त्याची किंमत सौद्यातून वजा करा.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी पाच मिनिटे खाली बसून सायलेन्सर पाहण्याची रीत घरात पाडावी, आणि ते काम गाडी चालवणाऱ्या मुलाकडेच द्यावे. गाडी कशी बोलते हे त्याला एकदा कळू लागले, की तिला उगाच ओरडायला लावण्याची हौस आपोआप कमी होईल. आणि नोंदणीची मुदत भरेल तेव्हा तपासणीच्या रांगेत उभे राहताना ना एजंटाची मनधरणी करावी लागेल, ना दुसरा हेलपाटा घालावा लागेल.